सतरा मणी

डुलुथमध्ये फेब्रुवारी. सरोवर काठापासून नजर पोचेल तिथवर गोठलेलं,
लोहखनिज वाहणारी जहाजं धक्क्याला बांधून ठेवलेली,
आणि आमच्या स्वयंपाकघरात
वीतभर केक.

ब्रिटानं केलाय. कुस्करलेलं केळं, दही, ओटचं पीठ.
साखर जवळजवळ नाहीच.
वर फेटलेलं क्रीम,
दाढीच्या फेसासारखं दिसतंय असं तिचे वडील म्हणाले
आणि त्यांच्या वाटचा मोठा केक कुठाय ते विचारलं.

मी रुग्णवाहिकेवर असतो. अकरा वर्षं झाली.
लोकांच्या घरात शिरतो तो नेहमी
जेवण अर्धवट टाकलेलं असताना.
द्राक्ष दिसलं की मला द्राक्ष दिसत नाही,
घशाचं माप दिसतं.

अंडं आधीच देऊन पाहिलं होतं, मागच्याच्या मागच्या मंगळवारी.
एक चमचा. आणि मग दोन तास
तिच्या गालांकडे बघत बसलो,
दूध तापत ठेवून बसावं तसा.
काही उतू गेलं नाही. गाल गालच राहिले.

शेजारच्या हेल्मी ओयालाबाई आल्या, बर्फाचे बूट दारात झटकून.
हातात डबी, डबीत चांदीच्या रंगाचे साखरमणी.
"माझ्या लायलच्या पहिल्या केकवर हेच होते.
आता आजोबा झालाय तो."
मी त्यांचा कोट अडकवून येईपर्यंत
लावूनसुद्धा झाले होते. सतरा.

मी चिमटा आणला.
"एइनार, माणसं आलीत घरी," ब्रिटा हळूच म्हणाली.
एकेक उचलून बशीत ठेवला, प्रत्येकाचा टक् असा आवाज.
मोजले. सोळा.
पुन्हा मोजले.
सतरावा ओयालाबाईंच्या बाहीला चिकटलेला सापडला
तेव्हा कुठे मी मेणबत्ती लावू दिली,
तीही हातभर लांब. फुंकर आईनंच घातली,
मेणबत्ती उपटली, खालचं मेण खरवडलं,
मग केक पुढे सरकवला.

सिग्नेला उंच खुर्चीत ताठ बसवून पट्टा बांधलेला.
"आता हात मागे घे," ब्रिटा मला म्हणाली.
घेतले. खिशात घातले.
खिशातही ते गप्प बसेनात.

आधी एक बोट.
मग पंजा.
मग कोपर, का ते कोपरालाच माहीत.
क्रीम कानामागे गेलं, भुवया म्हाताऱ्या झाल्या,
आजोबा मोबाइल उलटा धरून फोटो काढत राहिले.
मध्येच तिला उबळ आली. डोळ्यांत पाणी, जीभ बाहेर,
घरभर घुमेल असा खोकला.
सगळे उठले. मी बसून राहिलो.
आवाज येतोय म्हणजे वाट मोकळी आहे.
नव्या पोरांना मी हेच शिकवतो,
रबरी बाहुल्या मांडीवर देऊन:
ज्याचा घसा बंद होतो ना, तो ओरडत नाही.

घास बाहेर आला. तिनं तो पाहिला, परत खाल्ला.

आणि मग ती गप्प झाली.

बाकीचे बोलत होते, मासेमारीच्या झोपडीबद्दल काहीतरी,
बर्फ किती इंच जाड वगैरे.
मला फक्त ती एक गप्प जागा ऐकू येत होती.
खुर्ची माझ्यामागे कधी पडली कळलं नाही.

ती बघत होती.
मूठ आवळली की क्रीम
बोटांच्या फटींतून बाहेर येतं,
हे तिला त्याच क्षणी कळलं होतं
आणि दुसरं काही करायला सवड नव्हती.
ओठ गुलाबी. छाती वर. खाली. वर.

मग मी दिसलो. गुडघ्यांवर, पट्ट्याच्या बकलावर हात.
काय वाटलं कोण जाणे,
तिनं ती सगळी मूठ
माझ्या तोंडापुढे धरली.

मी आ केला.
केळं, दही, आणि तिच्या तळव्याचा खारटपणा.
"चावून खा रे," ओयालाबाई म्हणाल्या,
आणि मलाच ठसका लागला,
चांगला दणदणीत.